गुळव्याचा चुना

खडकवासल्याचे धरण 1870च्या दशकात उभे राहिले, मुठेचा उजवा कालवा पाटसापर्यंत पोचला आणि दौंडच्या कोरडवाहू रानात ऊस आला. भीमेपलीकडे शिरूरला घोड आणि चासकमान या धरणांचे पाणी फार उशिरा मिळाले. या पट्ट्यातल्या गुळाचा इतिहास सांगताना कालवे, रेल्वे, साखर कारखाने यांचीच नावे निघतात. गूळ रांधणाऱ्या गुळव्याच्या हातातला चुना मात्र राहून जातो. माझ्या मते हा धंदा पाण्याइतकाच त्या चुन्यावर उभा आहे, कारण ढेप बसणार की पाघळणार हे साखरेच्या रेणूतल्या एका सांध्यावर ठरते.

उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. मधे ऑक्सिजनचा एकच अणू. तो दोन्हीकडच्या कार्बनशी इलेक्ट्रॉनांची एकेक जोडी सामाईक ठेवतो. दोन भावांची रानं एकाच विहिरीवर भिजावीत आणि त्या विहिरीपायीच त्यांचा बांधाला बांध राहावा, तसे हे. अणू असे सामाईक जोडीने बांधले जातात, हे गिल्बर्ट लुईस यांनी 1916 साली मांडले. उसाचा रस मुळात आंबटसर. त्यातला हायड्रोजन आयन मधल्या ऑक्सिजनला चिकटला की ऑक्सिजन सामाईक जोडी आपल्याकडे ओढून घेतो, सांधा तुटतो आणि तिथे पाणी शिरते. रस आटवायच्या काहिलीखालची आच हे काम झपाट्याने करते. सुट्या झालेल्या दोन्ही साखरा सहजी रवा धरत नाहीत, उलट हवेतला ओलावा ओढतात; पावसाळ्यात पाघळतो तो हा गूळ. चुन्यातल्या कॅल्शियमची रीत वेगळी: त्याने आपले दोन इलेक्ट्रॉन वाटून न घेता देऊनच टाकलेले असतात. म्हणून चुना रसात विरघळताच हायड्रॉक्साइड मोकळा होतो, हायड्रोजन आयनाला गाठतो, दोघांचे पाणी होते आणि साखरेचा सांधा टिकतो.

कोणी म्हणेल, चुना घालतात तो मळी वर आणायला. खरे आहे, मळी येतेच. पण ते काम भेंडीचा चिकट रसही करतो. नुसत्या मळीचाच प्रश्न असता तर रस आंबट निघाला म्हणून चुन्याचे माप वाढवावे लागले नसते. आणि चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो, म्हणजे बेतही नेमका लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गुळव्याला इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता, मग हे श्रेय आपण मागाहून चिकटवतो आहोत का? त्याला कारण ठाऊक नव्हते, खूण ठाऊक होती, आणि ती खूण त्याच सांध्याची होती. फेसाचा रंग, रसाचा वास, गार पाण्यात सोडलेल्या पाकाची बोटांनी वळलेली गोळी, यांवर तो निर्णय घेई. ऊस तोडला की लवकर चरकाला लावायचा, हा दंडकही त्यातलाच. पडून राहिलेल्या उसात साखरेच्या जोड्या काहिलीआधीच तुटू लागतात. तसा ऊस आला की गोळी बोटात मऊ दबते, आणि मग चुन्याची निवळी कितीही ओतली तरी तुटलेली जोडी परत जुळत नाही.