दिल्लीची कमान आणि चारठाण्याचें स्वातंत्र्य

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें पुरातन गांव आहे. तेथील प्राचीन मंदिरें आणि उंच कोरीव दगडी स्तंभ पाहिले म्हणजे दगड माणसापेक्षां पुष्कळ काळ टिकतो, याची खात्री पटते. परंतु उभारणाराच्या मनांतील हेतु दगडाबरोबर टिकतो काय? चारठाण्याचा एखादा गृहस्थ सहकुटुंब दिल्लीस जाऊन इंडिया गेटसमोर उभा राहिला, तर हाच प्रश्न त्यास तेथेंही पडावा.

आज ज्या कमानीकडे लोक राष्ट्राचें स्मारक म्हणून पाहतात, ती मुळांत स्वातंत्र्यासाठीं बांधलेली नाहीं. ल्यूटेन्स या वास्तुशिल्पज्ञानें तिची योजना केली. १९२१ सालीं पाया घातला गेला, आणि १९३१ सालीं व्हाइसरॉय आयर्विन यांनीं ती खुली केली. पहिल्या महायुद्धांत व तिसऱ्या अफगाण युद्धांत ब्रिटिश साम्राज्यासाठीं लढतांना पडलेल्या तेरा हजारांहून अधिक लोकांचीं नांवें तिच्यावर कोरलेलीं आहेत. पुढें जवळच्या छत्रीखालीं पंचम जॉर्जचा पुतळा बसला. तो १९६८ सालीं हलविला गेला, आणि २०२२ पासून तेथें नेताजी सुभाषचंद्र बोस उभे आहेत. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पंडित नेहरूंनीं राष्ट्रध्वज फडकविला, तो या कमानीनजीकच्या प्रिन्सेस पार्कमध्यें. लाल किल्ल्यावर तो दुसऱ्या दिवशीं, १६ तारखेस चढला. दगड तेच राहिले. अर्थ मात्र लोकांनीं बदलला.

परंतु दिल्लींत तो जयघोष चालला असतां चारठाणा कोठें होतें? तें निझामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसनें त्याच महिन्याच्या ७ तारखेस संस्थान हिंदी संघराज्यांत सामील व्हावें म्हणून सत्याग्रह आरंभिला होता, आणि लवकरच स्वामीजी तुरुंगांत गेले. नोव्हेंबरांत जैसे थे करार झाला, पण रझाकारांचा उपद्रव वाढतच गेला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या, आणि १७ तारखेस निझामानें शरणागति पत्करली. अर्थात् दिल्लीचें स्वातंत्र्य चारठाण्यास पोंचण्यास तेरा महिने लागले. त्या काळांत रझाकारांच्या जुलमानें अनेक माणसें मेलीं. आणि विजयानंतरच्या दंगलींत मराठवाड्यांतील अनेक निरपराध मुसलमानांचाही बळी गेला, हेंही सांगितल्याशिवाय या इतिहासास पूर्णता येणार नाहीं.

इंडिया गेटवर यांपैकीं कोणाचेंही नांव नाहीं, आणि त्याबद्दल कमानीस दोष देण्याचें कारण नाहीं. तिचें काम निराळें होतें. परंतु जें राजधानीच्या दगडांत नाहीं, तें गांवाच्या स्मरणांत तरी राहिलें पाहिजे. तो काळ जाणतेपणीं पाहिलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. म्हणून दिल्लीहून परतलेल्या त्या गृहस्थानें मुलांस कमानीचीं छायाचित्रें दाखवावींत, आणि मग घरांतील वृद्धांस विचारावें, “आपल्याकडे स्वातंत्र्य कसें आलें?” मिळेल तें उत्तर लिहून ठेवावें. एरवीं स्तंभ उभा राहील, मंदिरें राहतील, आणि ज्यांच्या धैर्यानें व दुःखानें हें गांव मुक्त झालें, तीं माणसें मात्र बेनांव होऊन जातील.