ह्यूई हाकेला ओ देईल का?

१९९६ साली कॅपकॉमचा 'रेसिडेंट ईव्हिल' ज्यांनी खेळला, त्यांना त्यातला एक कॉरिडॉर आजही आठवतो. सुनसान बंगला, भिंतीला खिडक्यांची रांग, आपल्याच बुटांचा आवाज. आणि खळ्ळकन काच फोडून एक सडकं कुत्रं आत उडी घेतं. 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव याच गेमने रूढ केलं. गोळ्या कमी, औषधं कमी, जीव वाचवणं हेच काम. कुत्र्याचं काम तर त्याहून सोपं: दचकवायचं आणि मरायचं.

नऊ वर्षांनी त्याच कंपनीला कुत्र्याचा वेगळा उपयोग सुचला. जानेवारी २००५मध्ये आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये सुरुवातीलाच एक कुत्रा सापळ्यात पाय अडकून कण्हत असतो. त्याला सोडवलं नाही तरी गेम पुढे जातो. सोडवलंत, तर बऱ्याच वेळाने एका अवाढव्य राक्षसाशी झुंज चालू असताना तो अचानक हजर होतो आणि भुंकून राक्षसाचं लक्ष स्वतःकडे ओढतो. सोडवताना गेमने तुम्हाला कसलंही बक्षीस कबूल केलेलं नसतं.

पण खरी गंमत त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. प्लेस्टेशन २वरचा 'हॉन्टिंग ग्राउंड', जपानमधलं नाव 'डिमेंटो'. अपघातात आईवडील गेलेली अठरा वर्षांची फिओना एका किल्ल्यात, पिंजऱ्यात जागी होते. तिच्याकडे ना बंदूक, ना लढायचं शिक्षण. लाथ मारणं, धक्का देणं, हाताला लागेल ते फेकणं, नाहीतर पलंगाखाली लपणं. हा वारसा १९९५च्या 'क्लॉक टॉवर'चा, जिथे भलीमोठी कात्री घेतलेल्या खुन्यापासून फक्त पळायचं असतं. भीती फार वाढली की फिओनाचा ताबाच आपल्या हातातून सुटतो. पडदा धूसर होतो आणि ती वाट फुटेल तिकडे धावत सुटते.

या मुलीला अंगणात तारेने बांधून घातलेला एक पांढरा शेफर्ड सापडतो. त्याचं नाव ह्यूई.

ह्यूई म्हणजे बटण दाबलं की झाडली जाणारी गोळी नव्हे, आणि या गेमचं मोठेपण मला इथेच वाटतं. सुरुवातीला तो ऐकतच नाही. 'ये' म्हटलं तर दुसरीकडेच हुंगत बसतो. ऐकलं की शाबासकी द्यायची, चुकला की दटवायचं, खाऊ घालायचा, जखमी झाला तर औषध द्यायचं. असं करत करत तो आपला होतो. उगाच रागावलात, लाथा घातल्यात, तर विश्वास उडतो. आणि तो उडाल्याचं कळतं केव्हा? मागे मारेकरी लागलेला असताना, जीव तोडून हाक मारल्यावर. किल्ल्यातल्या प्रत्येकाला फिओनाच्या शरीरातून काहीतरी हवंय. काहीच न मागणारा एकच जीव तिथे आहे, आणि घाबरलेला खेळाडू राग नेमका त्याच्यावर काढतो. (गेमचा कॅमेराही फिओनाकडे पुष्कळदा त्या किल्लेवाल्यांच्याच नजरेने बघतो, हेही सांगायला हवं.)

पुढच्याच वर्षी, २००६मध्ये 'रूल ऑफ रोझ' आला. १९३०चं इंग्लंड, अनाथ मुलं, मुलींची एक क्रूर टोळी आणि जेनिफरसोबत ब्राउन नावाचा लॅब्रेडॉर. ब्राउन चावत नाही. तो वास घेऊन हरवलेल्या वस्तू शोधतो. मारामारी इतकी बेंगरूळ की वैताग येतो, पण कथा काळजाला हात घालते. तिच्या नशिबी मात्र वादच आला. इटलीतल्या 'पॅनोरमा' साप्ताहिकाने गाजावाजा केला, युरोपियन आयुक्त फ्रँको फ्रातिनी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ब्रिटनमधलं प्रकाशन रद्द झालं. जे आरोप झाले, तसलं गेममध्ये काही नाही, असं ब्रिटनच्या व्हिडिओ स्टँडर्ड्स कौन्सिलने सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. या सगळ्या गदारोळात कुत्र्याबद्दल कोण बोलणार? ब्राउनला ती टोळी मारते. शेवटच्या प्रकरणात जेनिफर आठवणीत मागे जाते, पिल्लू असलेल्या ब्राउनच्या गळ्यात पट्टा घालते आणि त्याला एका खोपटात ठेवून दार बंद करते. आता त्याला कुणी इजा करणार नाही. खेळाडूच्या हातात तेवढंच उरतं.

मग बरीच वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. २०१९मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने 'ब्लेअर विच' काढला. जंगलात हरवलेल्या मुलाला शोधणारा माजी पोलीस एलिस आणि त्याचा बुलेट. रात्री कुत्रं एकाच दिशेला बघून गुरगुरायला लागलं की आपल्याकडे घरातली जुनी माणसं म्हणतात, त्याला काहीतरी दिसतंय. इथे तेच खेळाचा नियम आहे: बुलेट जिकडे गुरगुरेल तिकडे टॉर्च मारायचा. त्याला कुरवाळायचं बटण आहे, दटवायचंही आहे. तुम्ही त्याच्याशी कसे वागता याची नोंद गेम गुपचूप ठेवतो आणि शेवट ठरवताना ती काढतो.

हा सहज विकत मिळतो. 'हॉन्टिंग ग्राउंड'च्या जुन्या डिस्क संग्राहकांच्या भावाने विकल्या जातात, त्यामुळे फोनवर तो बहुतेकांना यूट्यूबवरच भेटतो. बघायला हरकत नाही. फक्त तिथे हाकेला धावून येतो तो दुसऱ्या कुणीतरी, कितीतरी शाबासक्या देऊन आपलासा केलेला ह्यूई असतो.