शिसव आणि तेरची चौकट

इतिहास म्हटला की शिलालेख, ताम्रपट आणि नाणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. लाकूड क्वचितच आठवते. दगड टिकतो, लाकडास वाळवी लागते, हेच त्याचे कारण. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर मात्र लाकडाचाही इतिहास सांगते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास नेत असत. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले. त्याच ग्रंथात भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या मालात तुळया, शिसवाच्या जातीचे ओंडके आणि आबनूस यांची गणना केली आहे.

शिसवाची ही महती त्याच्या अंगच्या गुणांमुळे आहे. त्याचा गाभा जांभळट तपकिरी असून त्यावर काळ्या रेघा उमटतात. तंतूंचे थर आलटूनपालटून उलट दिशांस कललेले असल्याने फळी योग्य अंगाने कापली म्हणजे तीवर छायाप्रकाशाचे पट्टे खेळतात. हेच सौंदर्य सुताराची परीक्षा पाहते. रंधा उलटा चालला की तंतू उखडतात. सागाहून जड व कठीण असे हे लाकूड देव्हारे, पलंग, झोपाळे आणि तबल्याचे खोड यांसाठी वापरीत आले आहेत.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा मागील भाग अर्धवर्तुळाकार असून वरचे छत विटांचे व गजपृष्ठाकार आहे. ही घडण मूळची लाकडी बांधणीची. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर प्राचीन लाकडी कमानी आजही छतास लागून आहेत. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट शतकानुशतके तगली, आणि आता ती गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालयात जपलेली आहे.

शिसव आता दुर्मिळ होत चालला आहे. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराने नियंत्रण आहे. अशा वेळी जुना वाडा उतरविताना त्याचे खांब आणि दारे जळणाच्या भावाने विकणे म्हणजे पुन्हा न मिळणारा पुरावा गमाविणे होय. निदान लाकूड कोणते, वाडा कोठला व केव्हाचा, एवढे टिपून ठेवावे. तेरची चौकट उरली म्हणूनच आज तिच्याविषयी बोलता आले.