व्होल्खोवच्या काठची पेठ

मंडळी, पेठ कोठे वसते? राजाने हुकूम केला तेथे की नावेतला माल उतरवावाच लागतो तेथे? उत्तर रशियातील लादोगा गावाची हकिगत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

इल्मेन सरोवरातून निघून व्होल्खोव नदी उत्तरेकडे लादोगा सरोवराला मिळते. मुखापासून थोडे वर हे गाव. त्याच्याही वर नदीत खडकाळ धावते पाणी होते. (१९२६ साली वीजकेंद्राचे धरण झाले, तेव्हा ते बुडाले.) समुद्रावरून आलेली मोठी गलबते पुढे जाईनात. माल हलक्या होड्यांत भरायचा, वाटाड्या घ्यायचा, गलबत दुरुस्त करायचे. एवढ्या खोळंब्यावर गाव उभे राहिले!

जुन्या बखरीत असे आहे, की ८६२ साली समुद्रापलीकडच्या रुरिक नावाच्या सरदाराला लोकांनी राज्य करायला बोलावले. तो आधी लादोग्यास उतरला, असे तिच्या काही प्रती सांगतात. आता रशियाचे राज्य स्लाव्ह लोकांनी उभारले की स्कँडिनेव्हियाच्या दर्यावर्द्यांनी, यावर विद्वान दोनअडीचशे वर्षे भांडले. त्यात शास्त्र थोडे आणि अभिमान फार, असे मला तरी वाटते.

माती काय म्हणते ते पाहा. तेथली जमीन ओलसर, म्हणून लाकूड कुजले नाही. खोडातली वर्तुळे मोजून झाडाचे वय काढतात हे आपल्याला ठाऊक आहेच. तशीच घरांची लाकडे तपासली, तेव्हा सर्वांत जुनी ७५३ च्या सुमारास तोडलेली निघाली. म्हणजे रुरिकाच्या शंभर वर्षे आधी गाव नांदत होते! उत्तरेच्या रूनी लिपीतला मजकूर कोरलेली काठी सापडली, लोहाराची हत्यारे सापडली आणि अरबी चांदीचे दिरहमही. केसाळ कातडी खाली जात, चांदी वर येई. माणसेही विकली जात, हेही सांगितले पाहिजे. एकाच गल्लीत अनेक बोली ऐकू येत असणार. मग गाव कोणा एकाचे कसे म्हणावे?

बखरकार १११४ च्या नोंदीत एक गंमत सांगतो. त्या साली पावेल नावाच्या अधिकाऱ्याने तेथे दगडी कोट घातला. बखरकार गावी गेला, तेव्हा लोक म्हणाले, मोठा ढग आला की पोरांना काचेचे भोकाचे मणी सापडतात, नदीही धुऊन आणते. त्याने स्वतः शंभरावर मणी घेतले. ते आभाळातले नव्हते हो! आजोबा-पणजोबांच्या दुकानातले होते. तीनशे वर्षांत गाव आपला धंदा विसरले होते.

पुढे पीटर बादशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नदीच्या मुखाशी नवी लादोगा वसवली. तेव्हापासून ही ‘स्ताराया’, म्हणजे जुनी, लादोगा झाली. आज ते खेडे आहे. कोट आहे, बाराव्या शतकातले संत जॉर्जचे देऊळ आहे, आणि शेजारून व्होल्खोव वाहते आहे.