तळटीप १७ : ‘दिवस खुडून घ्यावा’

१७. दिवस खुडून घ्यावा : लेखकाचा रोख रोमन कवी होरेस (इ.स.पू. ६५–८) याच्या प्रसिद्ध उपदेशाकडे आहे. त्याच्या ‘ओड्स’चे पहिले तीन भाग इ.स.पू. २३च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पहिल्या भागातील अकरावी कविता अवघ्या आठ ओळींची आहे. तीत कवी ल्यूकोनोई नावाच्या स्त्रीला सांगतो, की आपले आयुष्य किती, हे बॅबिलोनी ज्योतिषाच्या आकडेमोडीत शोधत बसू नये. मद्य गाळून घ्यावे, लांबच्या आशा आखूड कराव्यात आणि आजचा दिवस खुडून घ्यावा.

या वचनाचा अर्थ पुष्कळदा ‘दिवस जिंकून घे’ असा लावला जातो. त्यात आवेश आहे. मूळ लॅटिन क्रियापदात तो नाही. ‘कार्पेरे’ म्हणजे फूल किंवा फळ खुडणे. पिकलेले फळ वेळेवर खुडले नाही, तर ते गळते किंवा पाखरांच्या वाट्याला जाते. लेखकाने ‘खुडणे’ हा शब्द योजला आहे तो म्हणूनच.

हा चंगळीचा सल्लाही नव्हे. होरेसवर एपिक्युरसच्या विचारांची छाप होती, आणि त्या विचारात मनाची स्वस्थता हेच मोठे सुख. दुसऱ्या भागातील दहाव्या कवितेत तर त्याने सुवर्णमध्याचीच महती गायिली आहे. दास्यमुक्त बापाचा हा मुलगा फिलिप्पीच्या लढाईत (इ.स.पू. ४२) ब्रूटसच्या, म्हणजे हरलेल्या बाजूने लढला होता. उद्याचा भरवसा नसतो, हे त्याला पोथीतून शिकावे लागले नाही. — संपा.