बॉयलरचा क्षार आणि हाडांचें औषध



बारामती-इंदापूरकडील गृहिणींस विहिरीच्या दुष्फेन पाण्याची ओळख करून द्यावयास नको. त्या पाण्यानें बंबांत पांढरा क्षार बसतो. साखर कारखान्यांच्या व औद्योगिक वसाहतीच्या बॉयलरांसही याच चुन्याची धास्ती असते. म्हातारपणीं झिजणाऱ्या हाडांवरील एका प्रमुख औषधाचें मूळ या क्षाराच्या बंदोबस्तांत आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

बिस्फॉस्फोनेट या कुळांतील द्रव्यें एकोणिसाव्या शतकांतच प्रयोगशाळेंत तयार झालीं. तीं चुन्यास धरून ठेवितात. म्हणून नळांत थर बसूं नये याकरितां कारखानदार तीं वापरूं लागले. पुढें १९६० नंतर हर्बर्ट फ्लाइश या स्विस संशोधकास असें आढळलें कीं, मूत्रांतील पायरोफॉस्फेटमुळें चुन्याचे स्फटिक वाढत नाहींत. पण तें पोटांत घेतल्यास शरीर तें मोडून टाकी. तसेंच, पण न मोडणारें द्रव्य हवें होतें. तें साबण करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांच्या साह्यानें मिळालें. १९६९ सालीं हे शोध प्रसिद्ध झाले.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यांत पोखरणाऱ्या व भरणाऱ्या पेशींचें काम अखंड चालतें. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत पोखरणें वाढतें. हें औषध हाडाच्या चुन्यास चिकटून राहतें आणि पोखरणाऱ्या पेशींच्या पोटांत जाऊन त्यांचा जोर मोडतें. १९९५ सालीं अमेरिकेंत अॅलेंड्रोनेट गोळीस या रोगावर मान्यता मिळाली. २००७ सालीं वर्षांतून एकदां शिरेंतून द्यावयाच्या झोलेड्रोनिक आम्लासही मिळाली.

आतां व्यवहाराची गोष्ट. दूध हाडांस हितकर, म्हणून गोळी दुधाबरोबर देण्याचा मोह आमच्या दूधदुभत्याच्या मुलखांत सहज होतो. परंतु जें द्रव्य बॉयलरांतील चुना धरतें, तें पेल्यांतील चुनाही धरणारच! एरवींही गोळीचा शंभरावा हिस्सासुद्धां रक्तांत पोंचत नाहीं. दुधाबरोबर तोही जातो. दुष्फेन पाणीही म्हणून टाळावें. सकाळीं अनशापोटीं, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी व अर्धा तास ताठ बसावें, नाहीं तर अन्ननलिका पोळते. दूध मागाहून खुशाल घ्यावें.

खुबा मोडेपर्यंत हा रोग मुका असतो. साध्या पडण्यानें आजीचें मनगट मोडलें, तर “वयच झालें” म्हणून गप्प न राहतां हाडांच्या घनतेविषयीं वैद्यांस विचारावें, इतकीच विनंति.