बीपीचा पट्टा पाड्यावर कधी येणार?

परवा एका बातमीसाठी पोशेऱ्याला गेलो होतो. काम आटोपून ओळखीच्या घरी चहाला टेकलो. घरातल्या काकांना बीपीची गोळी चालू आहे. "किती असतं?" विचारलं, तर म्हणाले, "डोकं जड झालं की समजायचं, वाढलंय." फळीवर मुलानं आणलेलं मशीन होतं. सेल संपलेले, वर धूळ.

इथंच घात होतो. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. कळतं ते थेट लकवा मारल्यावर.

मोजमापाची ताकद आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. पुढं वार्ताहर म्हणून मी कितीतरी अंगणवाड्यांत वजनकाट्याजवळ उभा राहिलो. नुसतं 'बारीक' दिसणारं पोर काट्यावर बसलं की कुपोषित ठरतं, मग यंत्रणेला हलावं लागतं. मोठ्यांच्या बीपीचा काटा मात्र घरापर्यंत आलाच नाही.

तो जगात तरी कसा आला? १८९६ मध्ये इटलीच्या रीवा-रोची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपनं आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची रीत दिली. तरी पट्टा राहिला डॉक्टरांच्याच हाती. १९४० मध्ये अमेरिकेत एमन आणि गोल्डशाइन यांनी रुग्णांनाच घरी मोजायला लावलं. घरचा आकडा बहुतेकांचा दवाखान्यापेक्षा कमी निघाला. दवाखान्यात छाती धडधडते, हे आपल्यालाही ठाऊक आहेच.

खरी गंमत जपानच्या ओहासामाची. डोंगरातलं, शेतीवर जगणारं छोटं गाव. तिथं १९८० च्या दशकात लोकांनी घरोघरी बीपी मोजून लिहून ठेवायला सुरुवात केली. १९९८ साली निष्कर्ष आला: पुढचा धोका दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा घरचा आकडा जास्त नेमका सांगतो. शेतकऱ्यांच्या वह्यांनी डॉक्टरांना शिकवलं!

'हा शहरवाल्यांचा आजार' म्हणणाऱ्यांनी गडचिरोली बघावी. 'सर्च' संस्थेनं तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. सर्वांत मोठं कारण निघालं लकवा, साधारण सातातला एक मृत्यू.

आणि आपल्याकडं तर दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. गोळ्या संपतात, तपासणी तुटते. अशा वेळी मशीन आणि वही बोचक्यात सोबत गेली पाहिजे. प्रत्येकाला मशीन परवडणार नाही, मान्य. मग निदान पाड्यामागे एक तरी द्या. ग्रामपंचायतीनं हा विषय ग्रामसभेत घ्यावा, एवढीच मागणी.

ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी आजच सेल बदला. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. उघड्या दंडाला पट्टा बांधा, हात छातीच्या उंचीवर टेकवा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. सगळे आकडे लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडं जा. आकडा चांगला आला म्हणून गोळी मनानं बंद करू नका. तो गोळीमुळंच चांगला असतो.

काकांच्या मशीनला सेल घालून आलोय. पहिला आकडा त्यांनी स्वतः लिहिला. तुमच्या घरातला कोण लिहिणार?